तिच्या वतीने

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक तरी माणूस दुसऱ्याच्या वतीने बोलणारं असतं. पाहुण्यांनी आजोबांना तब्येत विचारली, की आजोबांनी तोंड उघडायच्या आत सूनबाई सांगून मोकळी होते, "बरी आहे, फक्त गुडघे धरलेत." डॉक्टरांनी मुलाला कुठे दुखतं विचारलं, की आईच त्याच्या पोटावर बोट ठेवते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. माया असते, काळजी असते, थोडी घाईही असते. पण मायेला सवय जडली की ती हळूच मालकीण होऊन बसते, आणि हे ज्याचं त्याला कळत नाही. या गोष्टीतल्या थोरलीलाही ते कळलं नव्हतं.

थोरली ही दोन बहिणींतली मोठी. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणी ती शाळेत गेली खरी, पण त्या शाळेत हात हलवले की छडी मिळायची. ओठ वाचा आणि आवाज काढा, एवढाच तिथला धडा. त्या शाळेने तिला अक्षरओळख दिली, बोलणं दिलं नाही. बोलणं दिलं ते थोरलीने. दोघींनी घरच्या घरी खुणा तयार केल्या. मूठ ओठाला लावली की दूध, कोपर घट्ट धरलं की भीती, वेणी ओढली की ताई. शेजारीपाजारी, दुकानदार, नातलग, सगळ्यांना एकेक खूण चिकटवून दिली होती. त्यातल्या काही इतक्या चावट होत्या, की ज्याची खूण त्याच्याच तोंडावर करून दोघी हसायच्या आणि त्या बिचाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

पुढे आईवडील गेले, थोरलीचं लग्न झालं आणि धाकटी तिच्याबरोबरच सासरी आली. नवरा भला माणूस. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं किल्ल्या करायचं दुकान. दिवसभर कानस घासायचा आणि घरातल्या भानगडींत तोंड घालायचा नाही. धाकटीला त्याच्या मावसभावाने शर्टांच्या कारखान्यात काम लावून दिलं. हा मावसभाऊ त्या कारखान्याचा टेम्पो चालवायचा, कापडाचे तागे आणायचा, तयार माल पोचवायचा. बहिणींच्या खुणांमध्ये तो स्टेअरिंग फिरवल्यासारखे दोन हात, म्हणजे टेम्पोवाला. धाकटी काजं करायची. तिच्या हाताला इतकी सफाई होती, की मुकादम नव्या बायकांना तिच्याशेजारी बसवायचा.

बँक असो, दवाखाना असो, कारखान्यातली कटकट असो, धाकटीच्या वतीने बोलायला थोरली हजर. लोक म्हणायचे, "बहीण असावी तर अशी." थोरली नको नको म्हणायची, पण ते ऐकायला मात्र हातातलं काम टाकून उभी राहायची.

आणि ही थोरली हल्ली बेचैन झाली होती. कारण धाकटीचे हात काहीतरी वेगळंच बोलायला लागले होते.

आधी तिने ते पाहिलं आरशात. केस विंचरता विंचरता धाकटी स्वतःशीच बोटं नाचवत होती. भरभर, एकामागून एक, आणि त्यातली एकही खूण थोरलीच्या ओळखीची नव्हती. थोरलीने हात हलवून विचारलं, हे काय? धाकटीने हात झटकला, काही नाही. मग एकदा जेवताना तेच. मग फोनसमोर बसून तेच, आणि समोर पडद्यावर कुणी दुसरीच मुलगी तसेच हात करून हसत होती. थोरली पाणी द्यायच्या निमित्ताने मागे जाऊन उभी राहिली, तर धाकटीने फोन पालथा घातला. नवऱ्याने सवत आणली असती तरी थोरलीला एवढं लागलं नसतं. नवऱ्याशी ती भांडली असती. इथे भांडायचं तरी कशावरून?

धाकटी आठवड्यातून दोनदा उशिरा यायची. जादा काम आहे, असं सांगायची. एका संध्याकाळी थोरलीने तिच्यासाठी डबा करून कारखान्यात नेला, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "जादा काम? गेल्या कितीतरी दिवसांत नाही हो. त्या सगळ्या सुटल्या वेळेवर." थोरली डबा घेऊन परत निघाली. वाटेत वाचनालयाच्या खालच्या खोलीत दिवा होता म्हणून तिने सहज काचेतून पाहिलं. आत सात-आठ मुलंमुली गोल करून बसली होती, सगळ्यांचे हात हलत होते. धाकटी त्यांच्यात होती. तिच्यासमोर कापलेल्या केसांची, चष्मा लावलेली एक बाई होती. ती काहीतरी सांगत होती आणि धाकटी खदखदून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. असं हसणं घरात शेवटचं कधी झालं, ते थोरलीला आठवेना.

ती त्या बाईकडे टक लावून बघत राहिली. तिचा चष्मा, तिची साधी निळी पर्स, तिची लांब बोटं, सगळ्याचा तिला राग आला. मी या पोरीला बोलायला शिकवलं, आणि ही कोण आयत्या बिळावर नागोबा? घरी आल्यावर धाकटीने नेहमीप्रमाणे मान डोलावून जादा काम झालं म्हणून सांगितलं. थोरलीनेही मान डोलावली. ताटात तिने भाजी मुद्दाम कमी वाढली. मत्सर माणसाला कुठवर नेतो, ते अशा बारीक गोष्टींतूनच दिसतं.

आता मधे एक गोष्ट सांगायला हवी, कारण थोरली ती स्वतःलाही आठवू देत नव्हती.

काही महिन्यांपूर्वी धाकटी एका संध्याकाळी पांढरीफटक होऊन घरी आली होती. कोपर घट्ट धरून तिने सांगितलं, की कारखान्यातून येताना बंद गाळ्यांच्या गल्लीत कुणीतरी तिच्या मागून येतो. अगदी लगत. त्याला माहीत आहे की तिला पावलं ऐकू येत नाहीत. मानेवर श्वास लागला की तिला कळतं, आणि वळून पाहिलं की तो दात काढून हसतो. कालपरवापर्यंत नुसता येत होता, आज त्याने मागून कंबरेला हात घातला. कोण, म्हणून थोरलीने विचारलं, तर धाकटीने स्टेअरिंग फिरवल्यासारखे दोन हात केले. दोनदा केले.

थोरली तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. टेबलामागच्या हवालदाराने थोरलीकडे बघून विचारलं, "काय झालं हिला?" आणि पुढचं सगळं थोरलीकडेच बघून विचारलं. धाकटी दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत राहिली. थोरलीने सांगितलं, कुणीतरी अनोळखी माणूस हिच्या मागे मागे येतो, जरा त्या गल्लीत गस्त वाढवा. कंबरेचं सांगितलं नाही. टेम्पोचं सांगितलं नाही. हवालदाराने तेवढंच लिहिलं आणि खाली धाकटीची सही घेतली. लिहिलेलं तिच्यापुढे कुणी धरलं नाही. बाहेर आल्यावर धाकटीने विचारलं, सगळं सांगितलंस ना? थोरलीने मान डोलावली.

त्यानंतर गल्लीत पोलिसांची गाडी येऊन जाऊ लागली. ती अनोळखी माणूस शोधत होती. टेम्पो तर तिथे रोजच उभा असायचा, त्याच्याकडे कोण बघणार? पोलीस त्याला का पकडत नाहीत, असं धाकटी अधूनमधून विचारायची. शोधताहेत, असं थोरली सांगायची. हळूहळू धाकटीने विचारणं सोडलं.

तर वाचनालयाच्या खिडकीतून परतल्यावर थोरलीने मनाशी ठरवलं, की या चष्मेवालीचा छडा लावायचाच. पुढच्या खेपेला धाकटी कारखान्यातून सुटली, तेव्हा थोरली पलीकडच्या पानाच्या टपरीआड उभी होती. डोक्यावरून ओढणी, हातात रिकामी पिशवी. कुणी ओळखीचं भेटलं तर बाजाराला निघाले म्हणायचं. धाकटी वाचनालयाकडे न वळता सरळ निघाली. थोरली लांबून मागे. मग बंद गाळ्यांची गल्ली आली आणि थोरलीला वाटलं, पुढच्या वळणावर ही दिसेनाशी होईल. तिने अंतर कमी केलं. चपला वाजत होत्या, पण वाजल्या तर बिघडलं कुठे, हिला ऐकू थोडंच येतंय! असं मनात येऊन तिला गंमतही वाटली. ती आणखी जवळ गेली. आता धाकटीची वेणी हाताच्या अंतरावर होती.

मागच्या दिव्यामुळे थोरलीची सावली लांब होऊन धाकटीच्या पायांपुढे पडली होती. थोरलीने ती पाहिली नाही. धाकटीने पाहिली.

ती गर्रकन वळली आणि खांद्यावरची पिशवी तिने दोन्ही हातांनी फिरवली. आतला स्टीलचा डबा थोरलीच्या कपाळावर बसला. थोरली शटरवर आपटली. ओढणी सरकली. पण लागण्यापेक्षा तिला आठवत राहिला तो धाकटीचा चेहरा. तोंड उघडं, डोळे फाटलेले, आणि घशातून निघालेला असा आवाज, की जो उभ्या जन्मात थोरलीने ऐकला नव्हता. दुसरा घाव घालायला पिशवी वर गेली होती. मग धाकटीने ओळखलं.

थोरलीला वाटलं, आता ही येऊन बिलगेल. धाकटी बिलगली नाही. ती एका गाळ्याच्या पायरीवर बसली. मग तिने हात वर केले. त्यांच्या जुन्या घरगुती खुणांत, थोरलीला कळेल असं, तिने विचारलं, "तू पण मागून?"

 बाजाराला निघाले होते, हेसुद्धा थोरलीच्या हातांना सांगता येईना.

धाकटी उठली आणि चालू लागली. थोरली आता तिच्या बाजूने चालत होती, कपाळाला ओढणीचं टोक लावून. घराकडचं वळण आलं, धाकटी वळली नाही. ती थेट पोलीस ठाण्याच्या दाराशी जाऊन थांबली.

ठाण्यात बराच फरक पडला होता. पायऱ्यांशेजारी चाकाची खुर्ची चढेल असा उतार केला होता. टेबलाची एक बाजू ठेंगणी केली होती, तिथे एक आजोबा बसल्या जागेवरून मोठ्या अक्षरांतली सूचना वाचत होते. भिंतीवर एका फोन नंबराखाली लिहिलं होतं, की ज्यांना बोलता किंवा ऐकता येत नाही त्यांनी इथे मजकूर पाठवावा. धाकटीने दारावरचं बटण दाबलं. घंटा वाजली नाही, आत एक पिवळा दिवा लागला. तो बघून आतून जी बाई आली, तिचा चष्मा, निळी पर्स आणि लांब बोटं थोरलीला बरोबर ओळखू आली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इथे येणं ठरलेलं होतं. मला न सांगता!

ती बाई खुणांच्या भाषेची दुभाषी होती. वाचनालयातला वर्ग तीच घ्यायची, आणि ठाण्याने आता तिला कामावर बोलावलं होतं. तिच्यामागून फौजदारबाई आल्या. त्या धाकटीच्या समोर, उजेडात येऊन उभ्या राहिल्या आणि धाकटीकडेच बघून बोलल्या. दुभाषीचे हात बाजूला चालत होते. फोनवर पाठवलेला निरोप मिळाला, आता बोलायची तयारी आहे का, पाणी हवंय का, असं सगळं त्यांनी तिलाच विचारलं. मग त्यांनी थोरलीकडे हात करून विचारलं, "ताईंना आत घेऊ का?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. मग तिने मान हलवली. नको.

थोरलीचा इतक्या महिन्यांचा जळफळाट एकदम बाहेर पडला. "नको म्हणजे? जन्मापासून मी तिची जीभ आहे. तिला माझ्याशिवाय कोण ओळखतं? तिचं नुसतं बोट हललं तरी मला कळतं, तिला काय म्हणायचंय ते. आणि ही परवा भेटलेली बाई तिच्या मनातलं सांगणार? काय कळतंय हिला?"

 दुभाषीबाईंनी थोरलीचा शब्द न् शब्द धाकटीला हातांनी सांगितला. आपण ओरडतोय ते धाकटीला समजतंय, हे बघून थोरली आणखीच बिथरली. आजवर ती इतरांशी काय बोलते ते धाकटीला तिनेच सांगितल्याखेरीज फारसं कळत नसे.

फौजदारबाईंनी आवाज चढवला नाही. "ताई, तुम्हाला कळतं, हे मी मानते. पण पोलिसांना तुम्हाला काय कळतं ते लिहायचं नसतं. तिला काय सांगायचंय ते लिहायचं असतं. मागे तुम्ही आलात तेव्हा आमच्या माणसाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळं तुम्हाला विचारलं. ती चूक आमची, तुमची नंतर. आमच्या दारात येणारा माणूस बहिरा असो, आंधळा असो, अडखळत बोलणारा असो, त्याचं त्याला सांगता आलं पाहिजे. ते कसं जमवायचं हे बघणं आमचं काम. त्याने कुणाला सोबत आणावं हे त्याने ठरवायचं. माणूस प्रेमाचा असला, म्हणून त्याच्या तोंडून दुसऱ्याची तक्रार घेता येत नाही. प्रेमाची माणसंच जास्त गाळून सांगतात."

शेवटचं वाक्य थोरलीला टोचलं, पण तिने ते दिसू दिलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसली. टेबलामागच्या हवालदाराने तिचं कपाळ बघून ओला रुमाल आणून दिला.

आतल्या खोलीच्या दाराला काच होती. थोरलीला सगळं दिसत होतं आणि काही कळत नव्हतं. धाकटीचे हात चालले होते. किती बोलत होती ती! घरी तिची वाक्यं दोन-तीन खुणांची असायची. भूक, झोप, दमले, उद्या सुट्टी. थोरलीला वाटायचं, हिच्या मनात असतंच तेवढं. इथे ती थांबतच नव्हती. मधेच तिने गल्ली दाखवली असावी, मधेच मान. मग तिने स्वतःची कंबर दाखवली आणि तिचे हात खाली पडले. ती रडायला लागली. दुभाषीबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. दोघी बायका नुसत्या थांबल्या. थोरली बाकावरून अर्धी उठली. ती आत असती, तर तिने केव्हाच पुरे पुरे म्हणून पोरीचे हात धरले असते. तेवढ्यात धाकटीने नाक पुसलं आणि पुढचं सांगायला लागली. तिला पुढचंही सांगायचं होतं. थोरली परत बसली. हेवा अजून होताच, पण त्याच्या जोडीला काहीतरी दुसरंही मनात शिरलं होतं आणि ते जास्त जड होतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. फौजदारबाई खुर्ची ओढून थोरलीसमोर बसल्या. धाकटी आणि दुभाषीबाई दाराशी उभ्या राहिल्या.

"एकच विचारते," फौजदारबाई म्हणाल्या. "मागच्या तक्रारीत अनोळखी माणूस असं आहे. आज तुमची बहीण सांगतेय, की तो टेम्पोवाला, तुमच्याच नात्यातला. उद्या त्याचा वकील हेच धरून बसणार. तेव्हा ओळखत नव्हती, मग आता कुठून ओळख पटली? पोरगी खोटं बोलते, असं तो म्हणणार. तर मला सांगा, त्या वेळी तिने तुम्हाला माणूस कोण ते सांगितलं होतं का?"

सुटका अगदी हाताशी होती. तिच्या खुणा मला नीट समजल्या नाहीत, एवढं म्हटलं की झालं. नवऱ्याची मावशी दारात येऊन आदळआपट करणार नाही, नात्यात बोभाटा होणार नाही. मला बाजूला सारून परक्या बाईकडे गेलीस ना, मग भोग, असंही थोरलीच्या मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी म्हणालं. हो, म्हणालं! मायेच्या माणसाच्या मनातही तो कोपरा असतो.

पण तिचेच शब्द आडवे आले. तिचं बोट हललं तरी मला कळतं, असं ती आत्ताच सगळ्या ठाण्यासमोर ओरडली होती. कळलं नाही म्हणायचं, तर जन्मभराचा तो अभिमान खोटा. कळलं म्हणायचं, तर मग जे कळलं ते गेलं कुठे? तिने दाराकडे पाहिलं. धाकटी तिच्या ओठांकडे बघत होती, मागच्या वेळी या टेबलापाशी बघत होती तशीच.

"सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "पहिल्याच दिवशी. दोनदा सांगितलं. मला स्वच्छ कळलं होतं. मीच बदललं."

 मग ती पुढेही बोलली. नात्यातला माणूस, त्यानेच काम लावून दिलेलं, उगाच चार तोंडी विषय नको, पोरीचं नाव खराब व्हायला नको, असं सगळं तिने सांगितलं आणि सांगता सांगता तिलाच ते पोकळ वाटायला लागलं. शेवटी ती म्हणाली, "आणि खरं सांगायचं तर, मागून कुणी चालतं यात एवढं काय, असं मला वाटलं होतं. आज मी तिच्या मागून चालले. तिचा चेहरा बघितला. तेव्हा कळलं."

दुभाषीबाईंचे हात थांबले. धाकटीने त्यांना काहीतरी सांगितलं, आणि त्यांनी ते आवाजात आणलं. "ती म्हणतेय, हे सगळं ताईने मला स्वतः सांगावं. माझ्याकडे बघून."

थोरली उठली. तिला त्या बाईची भाषा येत नव्हती. तिने घरच्याच खुणा केल्या. तू सांगितलंस. मला कळलं. मी पोलिसांना खोटं सांगितलं. मी तुलाही खोटं सांगितलं. एकही खूण तिने गाळली नाही.  धाकटीने शेवटपर्यंत बघितलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. तिने थोरलीच्या कपाळावरचं टेंगूळ बोटाने चाचपून पाहिलं आणि उरलेलं सांगायला आत गेली. या वेळी लिहून घेतलेलं सगळं तिने दुभाषीकडून दोनदा समजून घेतलं आणि मगच सही केली. थोरलीचा जबाब वेगळा लिहून घेतला. ती धाकटीच्या वतीने नव्हती, स्वतःच्या वतीने साक्षीदार होती.

टेम्पोवाल्याला बोलावणं गेलं. आधी त्याने कानांवर हात ठेवले, मग कारखान्यातल्या आणखी दोघी पुढे आल्या आणि त्याला अटक झाली. थोरलीने नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "काम मी मागितलं होतं त्याच्याकडे." एवढंच म्हणाला, पण भावाच्या जामिनासाठी गेला नाही.

चार दिवसांनी मावशी, म्हणजे टेम्पोवाल्याची आई, आल्या. त्या दुकानातून थेट आतल्या खोलीत शिरल्या आणि पदराने डोळे पुसत थोरलीला म्हणाल्या, "झालं गेलं विसर. तू सांगितलंस तर ऐकेल ती. तक्रार मागे घे म्हणावं तिला. मुक्या पोरीला काय कळतंय कोर्टकचेरीतलं?"

धाकटी खिडकीशी बसून शर्टाची काजं करत होती. पूर्वीची थोरली असती तर एकीचं रडं दुसरीला निम्मं सांगून आणि दुसरीचा राग पहिलीला पाव सांगून तिने वेळ मारून नेली असती. आताही तिचे हात आपोआप उठले होते. तिने ते खाली घेतले.

"मावशी, तक्रार तिची आहे," ती म्हणाली. "ती समोर बसली आहे. तिलाच विचारा."

"मला कुठे तिची भाषा येते?"

"मग तिच्यासमोर जाऊन विचारा. तिला ओठ वाचता येतात थोडे."

मावशी नाइलाजाने धाकटीसमोर गेल्या. त्यांनी हात जोडले, पोलीस ठाण्याच्या दिशेने बोट दाखवलं, कागद फाडल्यासारखे हात केले. सगळा गाव बघत असल्यासारख्या त्या अवघडल्या होत्या. धाकटीने हातातली सुई खाली ठेवली. तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश, एकदाच, मान हलवली.

मावशींनी वळून थोरलीकडे पाहिलं. काय म्हणाली, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. थोरलीने काहीच सांगितलं नाही. त्याला दुभाषी लागत नव्हता.

वाचकहो, थोरली आता वाचनालयातल्या वर्गाला जाते. तिची बोटं जाड आहेत, चुकतात, आणि धाकटी दुभाषीबाईंशी भरभर बोलायला लागली की ती अजूनही जळते. मत्सर एका दिवसात जात नाही. पण पूर्वी तिला वाटायचं, की बहिणीचा आवाज आपल्याकडे ठेव म्हणून आहे. आता तिला कळलंय, की तो आपण परत दिलाच नव्हता. पोलीस ठाण्याच्या दारात उतार हवा, दिवा हवा, दुभाषी हवा, आणि ते मागणं हा आपल्या प्रत्येकाचा हक्क आहे. पण ते सगळं असूनही एखादा माणूस न बोलताच परत जातो, कारण त्याच्या प्रेमाचं कुणीतरी आधीच बोलून मोकळं झालेलं असतं. पुढच्या वेळी कुणी आपल्या माणसाला काही विचारलं आणि आपल्या जिभेवर उत्तर तयार असलं, तर एवढंच करावं. गप्प बसावं, आणि त्याच्याकडे बघावं.